टेकायला लाजणारा चेंडू

“ताई, माझा चेंडू जमिनीला टेकायला लाजतोय. काय करू?”

प्रश्न एवढाच. सोबत मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो, त्यात ब्लेंडर या थ्रीडी ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरच्या खिडकीचा जेमतेम एक कोपरा आणि बराचसा ट्यूबलाइटचा उजेड. ब्लेंडर नव्याने शिकणाऱ्यांना मराठीतून मदत करणारे आम्ही काही जण आहोत. पगार नाही, पाळ्या नाहीत, ज्याला सवड असेल तो उत्तर देतो. चेंडू उडवणं हा ॲनिमेशनचा पहिला धडा, त्यामुळे चेंडूचे प्रश्न आम्हाला रोजचेच. तरी हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण यात आम्ही सहा जणांनी मिळून एका मुलाला जवळजवळ पळवून लावलं होतं. त्या सहांत मीही होते. आणि तसं बघितलं तर आमचं एकही उत्तर चुकीचं नव्हतं.

त्याने केलं होतं ते असं. ब्लेंडरमधला आयता गोल घेतला, खाली सपाट जमीन ठेवली. पहिल्या फ्रेमला चेंडूचा मध्य ५ मीटर उंचीवर ठेवून कीफ्रेम टाकली (म्हणजे या फ्रेमला चेंडू इथे असेल अशी नोंद), बाराव्या फ्रेमला १ मीटरवर आणून दुसरी टाकली, मग पुन्हा वर. आयत्या गोलाची त्रिज्या १ मीटर असते, म्हणजे मध्य १ मीटरवर आला की चेंडू बरोबर जमिनीला टेकतो. हे त्याचं त्याने शोधून काढलं होतं. बरेच जण मध्य शून्यावर नेतात आणि अर्धा चेंडू जमिनीत गाडतात. मुलगा विचार करून काम करणारा आहे हे तिथेच कळायला हवं होतं. फोटोत ते दिसत नव्हतं, आणि आम्ही विचारलं नाही.

पहिलं उत्तर आलं: “चेंडू निवड, आय दाब, मेनूतून लोकेशन घे.” ब्लेंडर ४.१ पासून थ्रीडी खिडकीत कीबोर्डवरचं आय दाबलं की मेनू येत नाही, कीफ्रेम थेट पडते. मेनू हवा असेल तर के. उत्तर देणाऱ्या दादांच्या हाताला जुनी सवय. मुलाला मेनू दिसेना, म्हणून त्याला वाटलं काहीच झालं नाही, आणि तो आय दाबत राहिला. त्याच फ्रेमवर तीच कीफ्रेम पुन्हा पुन्हा पडते, नुकसान काही नाही, पण आपल्या संगणकात काहीतरी बिनसलंय असा संशय एकदा शिरला की तो निघत नाही. त्यातच तो शिकत होता तो व्हिडिओ २.८० च्या आधीचा. जुलै २०१९ मध्ये ती आवृत्ती आली तेव्हा उजव्या क्लिकने निवडायची जुनी पद्धत डावीकडे आली, निम्मी बटणं हलली. जुना व्हिडिओ, नवं सॉफ्टवेअर, मधल्या काळातली उत्तरं, अशी ती खिचडी.

दुसरं उत्तर फिजिक्सचं. “हाताने कशाला करतोस? रिजिड बॉडी लाव, चेंडू ॲक्टिव्ह, जमीन पॅसिव्ह, प्ले दाब.” रिजिड बॉडी म्हणजे वस्तूची हालचाल संगणकाने फिजिक्सच्या नियमांनी स्वतः काढायची; ॲक्टिव्ह वस्तू पडते, पॅसिव्ह जागेवर राहते. त्याने लावलं. चेंडू थपकन पडला आणि तिथेच बसला. आधी निदान लाजत का होईना उडत तरी होता! कारण साधं आहे. रिजिड बॉडीत उसळीचा आकडा मुळात शून्य असतो, आणि चेंडूची व जमिनीची उसळ एकमेकींनी गुणली जाते, त्यामुळे नुसत्या चेंडूची वाढवून भागत नाही. शिवाय ॲक्टिव्ह वस्तू स्वतःच्या कीफ्रेम ऐकतच नाही. यातलं काहीच त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याला दिसलं ते एवढंच, की दोन संध्याकाळी बसून टाकलेल्या कीफ्रेम मेल्या.

तिसरे एक जण गणितवाले. त्यांनी मनापासून हिशोब करून दिला: ४ मीटर पडायला साधारण ०.९ सेकंद लागतात, सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर २२ फ्रेम होतात, तू १२ कशा टाकल्यास? सूत्र बरोबर, गुणाकार बरोबर. त्याने १२ च्या जागी २३ वी फ्रेम केली. या उत्तराकडे मी पुढे परत येणार आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान या सगळ्यात जास्त बरोबर असलेल्या उत्तराने केलं.

चौथ्यांनी स्क्वॅश आणि स्ट्रेच, म्हणजे टेकताना चेंडू चपटा आणि वेगात असताना लांबट, करायला सांगितलं. पाचव्यांना दया आली आणि त्यांनी स्वतःच एक फाइल बनवून पाठवली. तीत चेंडू सुंदर उडत होता. मुलाने ती उघडली, प्ले केली, हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. पुढे मी त्याला विचारलं, त्या फाइलमध्ये वेगळं काय होतं? म्हणाला, “कळलं नाही. पण त्यांचा चेंडू भारी होता.”

सहावी मी. मी लिहिलं: “ग्राफ एडिटर उघड, जमिनीवरची की निवड, व्ही दाब, व्हेक्टर कर.” (ग्राफ एडिटर म्हणजे चेंडूच्या गतीचा आलेख दाखवणारी खिडकी, की म्हणजे कीफ्रेम, आणि व्हेक्टर केलं की त्या जागी आलेखाला टोक येतं.) रोग ओळखल्याचा मला थोडा अभिमानही वाटला होता. त्याचं उत्तर आलं: “ताई, बरं झालं, पण अजून थोडा लाजतोय.” मी लिहिलं, सरावाने जमेल.

त्यानंतर नऊ दिवस तो गप्प.

गप्प बसणारे शिकाऊ आम्हाला बहुधा दिसतच नाहीत. प्रश्न खाली सरकतो, उत्तरं पाच-सहा असतात, बघणाऱ्याला वाटतं काम झालं. मला तो आठवला तो निव्वळ त्या शब्दामुळे. लाजतोय. मी त्याला वेगळा निरोप पाठवला, कुठे अडकलास म्हणून. उत्तर लगेच आलं: “ताई, सगळे बरोबरच सांगतायत. मलाच कळत नाहीये. सोडून देतोय.”

या वाक्यावर मी जरा थांबले. ब्लेंडर ऑक्टोबर २००२ मध्ये मुक्त झालं. लोकांनी वर्गणी काढून एक लाख युरो जमवले, त्या पैशांतून त्याचा सोर्स कोड सोडवून घेतला, आणि आज ते कुणालाही फुकट मिळतं. हे फार मोठं काम झालं, पण त्यामुळे एक गोष्ट अशी होते की सॉफ्टवेअर घरात येतं, शिकवणारा येत नाही. शिकाऊ एकटा असतो. त्याच्याकडे सॉफ्टवेअरचे शब्द नसतात, म्हणून त्याला नीट शोधताही येत नाही. ज्याला ‘ईझिंग’ (गतीची हळू सुरुवात आणि हळू शेवट) हा शब्द माहीत आहे त्याला उत्तर दोन मिनिटांत सापडतं, पण ज्याला तो शब्द माहीत आहे त्याला बहुतेक वेळा उत्तरही माहीत असतं. या मुलाकडे होता तो एकच शब्द, त्याचा स्वतःचा. आणि आम्ही सहा जणांनी तो शब्द वाचला, हसलो, आणि बाजूला ठेवला.

वास्तविक संपूर्ण निदान त्या शब्दात होतं. लाजतो म्हणजे काय? वरून येताना धीटपणे येतो, जमीन जवळ आली की पाऊल आखडतं घेतो, हळूच टेकतो, आणि तसाच हळूच निघतो. ब्लेंडरमध्ये दोन कीफ्रेम टाकल्या की मधली गती मुळात बेझिए वक्राने भरली जाते आणि वरच्या-खालच्या टोकांना तो वक्र सपाट होतो. सपाट म्हणजे वेग शून्याकडे. वरच्या टोकाला हे अगदी योग्य, कारण वर गेलेला चेंडू खरंच क्षणभर थबकतो. पण जमिनीशी तो कधीच थबकत नाही. तिथे तो सगळ्यात जोरात असतो.

इथे एक गंमत आहे. फ्रँक टॉमस आणि ऑली जॉन्स्टन या डिस्नेच्या दोघांनी १९८१ मध्ये ॲनिमेशनची १२ तत्त्वं मांडली, त्यांत गतीची ही हळू सुरुवात आणि हळू शेवट आहे. हाताने चित्रं काढणाऱ्याला ती मेहनत करून आणावी लागते, टोकांजवळ जास्त चित्रं काढावी लागतात. संगणकात ती फुकट मिळते. न मागता मिळते, सगळीकडे मिळते, नको तिथेही मिळते. त्यामुळे आजच्या शिकाऊचा पहिला खरा धडा मृदू गती आणायची कशी हा नसून ती काढायची कशी हा आहे, आणि जुन्या पद्धतीने शिकवणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही.

मग मी त्याला म्हटलं, ब्लेंडर बंद कर. एक चेंडू घे, छातीच्या उंचीवरून सोड, मोबाइलने बाजूने शूट कर. त्याने केलं, आणि चेंडू हातातून सुटल्यापासून टेकेपर्यंतच्या फ्रेम मोजल्या: १३. (इथे मीच घसरले. मोबाइल सेकंदाला ३० फ्रेम घेतो आणि त्याचा सीन होता २४ चा. १३ तशाच उतरवल्या असत्या तर चेंडू आणखी मंद झाला असता. हिशोबाने त्या साडेदहाच्या आसपास होतात. हे मला दुसऱ्या दिवशी आठवलं.) पण मला आकडा नको होताच. मी विचारलं, एकेका फ्रेमला चेंडू कुठे दिसतो, तिथे कागदावर ठिपका काढ. त्याने कागदाचा फोटो पाठवला: वर ठिपक्यांची दाटी, खाली खाली विरळ, शेवटच्या दोन ठिपक्यांत सगळ्यात मोठं अंतर.

आता ब्लेंडर उघड, म्हटलं. ऑब्जेक्टच्या गुणधर्मांत मोशन पाथ असतं, ते काढलं की चेंडूच्या वाटेवर दर फ्रेमचा ठिपका दिसतो. कागद शेजारी ठेव आणि दोन्ही बघ. मी आणखी काही लिहिणार होते, तेवढ्यात त्याचा निरोप आला:

“ताई, जमिनीपाशी पण गर्दी आहे!!”

एवढं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. इथून पुढे मला शिकवावं लागलं ते फार थोडं. ग्राफ एडिटरमध्ये जाऊन त्याने स्वतःच सांगितलं की खाली वाटी आहे. मी म्हटलं, वाटीच्या जागी टोक हवं. मग हँडलचे, म्हणजे कीपाशी वक्राला वळण देणाऱ्या दांड्यांचे, प्रकार सांगितले, आणि या वेळी माझं पहिलं उत्तर का लंगडं होतं तेही कळलं. व्हेक्टर केलं की जमिनीवरच्या कीचं हँडल सरळ आधीच्या कीकडे रोखलं जातं. म्हणजे टेकतानाचा वेग हा अख्ख्या पडण्याच्या सरासरी वेगाइतका होतो. पण खरा पडणारा चेंडू टेकताना सरासरीच्या दुप्पट वेगात असतो. आणि शून्यापासून निघून सरासरीवर संपायचं तर मधे कुठेतरी सरासरीच्या वर जाऊन परत उतरावं लागतंच. उतरतो म्हणजे लाजतो! “अजून थोडा लाजतोय” ही कुरकुर नव्हती, ते मोजमाप होतं. मी त्याला सरावाने जमेल म्हणून सांगितलं होतं.

त्याने हँडल फ्री, म्हणजे दोन्ही बाजूंना स्वतंत्र, केली, डावं वर ओढलं, उजवं वर ओढलं, वाटीचं टोक झालं. प्ले. लाज गेली.

आणि लगेच पुढचा निरोप: “आता लाजत नाही. पण फुगा वाटतोय.”

मी मनात म्हटलं, पोरगा शब्दांचा पक्का आहे. फुगा ही निराळी तक्रार. चेंडू कुठे हळू होतो आणि कुठे वेगात जातो, म्हणजे ठिपक्यांमधली अंतरं, ती आता ठीक होती. आता प्रश्न होता एकूण किती वेळ लागतो याचा. ॲनिमेशनवाले या दोहोंना स्पेसिंग आणि टायमिंग म्हणतात, आणि नवख्यांच्या डोक्यात ही दोन वर्षानुवर्षं एकमेकांत मिसळलेली असतात. याच्या डोक्यात ती पहिल्या आठवड्यातच वेगळी होती, फक्त नावं लाजाळू आणि फुगा अशी होती.

आता ते गणितवाल्यांचं उत्तर. ४ मीटर पडायला २२ फ्रेम, हे खरंच. पण त्याचा चेंडू केवढा? आयता गोल, व्यास २ मीटर, माणसापेक्षा उंच. बघणाऱ्याला ते कसं कळणार? पडद्यावर नुसता गोळा दिसतो, शेजारी माप घ्यायला काही नाही, आणि उडणारा गोळा म्हटला की डोळा फुटबॉल धरून चालतो. हा गोळा पडतोय स्वतःच्या व्यासाच्या दुप्पट अंतर. फुटबॉलचा व्यास साधारण २२ सेंटिमीटर, म्हणजे डोळ्याच्या हिशोबाने पडणं ४४ सेंटिमीटरचं, आणि त्याला लागतात ०.३ सेकंद, जेमतेम ७ फ्रेम. डोळ्याला ७ ची अपेक्षा, समोर येतात २२. तो फुगाच दिसणार. फिजिक्सवाल्या उत्तरातही हेच झालं असतं. सिम्युलेशनला तर तो गोळा २ मीटरचाच आहे हे पक्कं माहीत असतं.

आणि मुलाने मुळात किती टाकल्या होत्या? पहिलीपासून बारावीपर्यंत, म्हणजे ११. कुठलंही सूत्र न लावता, नुसत्या अंदाजाने, तो २२ पेक्षा ७ च्या कितीतरी जवळ होता. आम्ही त्याचा बरोबर अंदाज काढून घेतला आणि बरोबर सूत्र देऊन त्याला चुकीच्या जागी नेऊन ठेवलं.

उपाय दोन होते: सगळा सीन लहान करून चेंडू खरोखर फुटबॉलएवढा करणं, किंवा सीन तसाच ठेवून वेळ कमी करणं. सिम्युलेशन करायचं असतं तर मी पहिला सांगितला असता. इथे दुसरा सोपा. टाइमलाइनमध्ये सगळ्या की निवडून, पहिल्या फ्रेमवर उभं राहून, एस दाबून आक्रसवायच्या. किती ते मी सांगितलं नाही. त्याने ७ करून बघितल्या, त्याला घाई वाटली, ९ वर तो थांबला. मला स्वतःला ८ आवडल्या असत्या. चेंडू त्याचा आहे.

पुढचे टप्पे लवकर झाले. दर टप्प्याला उंची अर्धी करायची हे त्याला व्हिडिओतून माहीत होतं, पण वेळ त्याने सगळ्या टप्प्यांना सारखाच दिला होता, त्यामुळे शेवटचे टप्पे चंद्रावरचे वाटत होते. उंची अर्धी झाली की वेळ अर्धा होत नाही, साधारण ०.७ पट होतो: ९ नंतर ६, मग ४-५, मग ३. यावर त्याने एकही प्रश्न विचारला नाही. मग रेंडर केलं, म्हणजे सीनची अंतिम चित्रफीत काढायला लावली, आणि व्हिडिओच सापडेना. सापडले २५० फोटो, कारण आउटपुट पीएनजीवर (म्हणजे दर फ्रेमच्या सुट्या चित्रावर) होतं आणि शेवटची फ्रेम आयती २५० वरच राहिली होती. त्यातले निम्म्याहून जास्त फोटो निवांत बसलेल्या चेंडूचे. हा विनोद आमच्याकडे दर महिन्याला होतो, त्यावर जास्त लिहीत नाही.

या प्रकरणानंतर आम्ही उत्तर द्यायच्या आधी विचारायला लागलो. अख्ख्या खिडकीचा स्क्रीनशॉट, म्हणजे आवृत्तीही कळते आणि आपण कुठल्या मोडमध्ये आहोत तेही. शेवटचं काय केलंस. आणि काय व्हायला हवं होतं, तुझ्या शब्दांत. तिसऱ्या प्रश्नावर काही जुन्या मंडळींची नाराजी आहे. त्यांचं म्हणणं, आधी नीट संज्ञा शिकू देत, मग विचारू देत. नाहीतर आम्ही काय कोडी सोडवायला बसलोय? मला त्यांचा त्रास कळतो. एकाच संध्याकाळी ‘माझी गाडी बावचळते’, ‘हात रबरी झालाय’ आणि ‘कॅमेरा दारू प्यायलाय’ असे तीन प्रश्न आले की डोकं चालेनासं होतं. पण संज्ञा लावलेला प्रश्न पुष्कळदा अधिक वाईट असतो. शिकाऊ कुठूनतरी ऐकलेला ‘इंटरपोलेशन’ हा शब्द वापरतो, आपण त्या शब्दाला उत्तर देतो, आणि त्याचा आजार दुसराच असतो. रबरी हात म्हटलं की निदान हात बघायला तरी आपण जातो. तयार फाइल पाठवायची असेल तर आता एक अट आम्ही घालून घेतली आहे: मूळ आणि दुरुस्त अशी दोन्ही पाठवायची, आणि काय बदललं ते सांगायचं नाही, शोधायला लावायचं. सगळे पाळतात असं नाही.

मुलाने शेवटची क्लिप पाठवली तेव्हा सगळ्यांनी शाबासकी दिली, मीही दिली. क्लिप चांगलीच होती. फक्त तिसऱ्या टप्प्याला चेंडू एखाद-दुसरी फ्रेम जमिनीच्या किंचित खाली जात होता. त्या एका कीचं हँडल फ्री न होता अलाइन्ड राहिलं असणार. अशा हँडलची एक बाजू वर ओढली की दुसरी आपोआप खाली जाते आणि वक्र जमिनीखाली बुडी मारतो. सांगायला एक ओळ पुरली असती. मी ती टाइपही केली, आणि पुसली.

दोन दिवसांनी त्याचा निरोप आला. या वेळी अख्ख्या खिडकीचा स्क्रीनशॉट, ग्राफ एडिटर उघडा, तिसऱ्या टप्प्याभोवती लाल गोल.

“ताई, हा इथे पाय भिजवून येतोय. थांबा, सांगू नका.”